वाघाखालचं नाव

सुरेंद्र भानारकर दुकानाच्या पायरीवर उभा राहिला आणि समोरच्या पानटपरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बोर्ड असा करतो, का अहेरीपासून घुग्घुसपर्यंत माणसानं माझं नाव घेतलं पायजे!"

"घेतील ना," आतून त्याची बायको रंजीता म्हणाली. "पयले जेवून घ्या."

आता असलं काही बोलताना माणसाने जरा इकडेतिकडे पाहावं की नाही? ऐकणारा कोण असेल सांगता येत नाही. त्यातून जागा कोणती! चंद्रपूरचा जुना परकोट, आणि त्याच्या एका दरवाज्याला टेकून हे दुकान. पाठीशी काळा दगड. मे महिन्यात सगळं शहर भाजून निघत असतं, तेव्हाही त्या दरवाज्याखालून जाताना मानेला गार हवा लागते. ती कुठून येते हे आजवर कुणाला समजलेलं नाही. अशा जागी बढाई मारू नये. पण सुरेंद्रला हे सांगणार कोण!

दुकान मासे धरायच्या जाळ्यांचं. नाव 'वाघ छाप जाळी'. थाटलं त्याच्या बापाने, दादाजीने. दादाजी जाऊन चार वर्षं झाली, तरी तलावाकाठच्या गावांतली गिऱ्हाइकं 'दादाजीच्या दुकानात' येत आणि सुरेंद्रला 'दादाजीचा पोट्टा' म्हणत. पोट्ट्याचं वय त्रेचाळीस! डोक्यावर टक्कल, थोरली पोरगी बारावीला, तरी पोट्टाच! हे त्याच्या मनाला फार लागलेलं होतं.

आणि यंदा नाव झाल्याशिवाय भागणारही नव्हतं. जाळ्यांचा सगळा धंदा मृगाच्या आधीच्या पंधरा-वीस दिवसांत होतो. यंदा सुरेंद्रने जोशात येऊन दुकानाचा माळा पार कौलांपर्यंत भरून ठेवला होता. हंगाम हुकला की दुकानाला कुलूप. मग रंजीताचा भाऊ अजय घुग्घुसला टपून बसलेलाच होता. "भाऊजी, खाणीवर पाळीत लावून देतो तुमाले," असं तो दर सणाला म्हणे. त्या धुळीतून रोज मोटरसायकल हाणायची, या नुसत्या विचारानेच सुरेंद्रला शिंका येत.

म्हणून त्याने वीस फुटी फ्लेक्स लावला. वर वाघ, वाघाच्या जबड्यात जाळं, बाजूला गॉगल लावलेला सुरेंद्र, आणि वाघाचे डोळे लाल दिव्यांचे, लुकलुकणारे! फ्लेक्स तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी जुन्या वास्तूंच्या कचेरीतल्या एक मॅडम आल्या. हातात मोजपट्टी आणि नियमांचा कागद. आवाज असा गोड, की नकारसुद्धा प्रसादासारखा हातावर पडावा.

"फ्लेक्स चालणार नाही हं," मॅडम म्हणाल्या. "दिवेही नकोत."

"मंग वाघाचे डोळे?"

"डोळे असू द्या. पेटायला नकोत."

"मंग टिनाचा बोर्ड ठोकतो भिंतीले."

"परकोटाला खिळा नाही मारायचा. खोदायचं नाही. सिमेंट नाही. भडक रंग नाही. लाकूड नाहीतर दगड, आणि मोकळा उभा करा. खाली नुसते दगड रचून."

"अन् लिहू काय त्याच्यावर?"

"तुमचं नाव आणि साल. बास."

"जाळे विकतो म्हणून तरी लिहू द्या ना मॅडम!"

"चित्र काढा की! पूर्वी लोक चित्रावरूनच दुकान ओळखायचे. आणि साल परवान्यावर असेल तेच."

परवाना दादाजीच्या नावावरून सुरेंद्रच्या नावावर व्हायला चार वर्षं लागली होती, तो यंदाच झाला होता. म्हणजे साल चालू. सुरेंद्रची बहीण मैना अहेरीला दिलेली. तिने पोचूचा नंबर दिला. पोचू अहेरीच्याही पुढे, रानातल्या गावात सागावर कोरीवकाम करणारा. त्याचा फोन फक्त आठवडी बाजाराच्या दिवशी लागे. सुरेंद्रने तो दिवस गाठला.

"वाघ छापच्या दुकानातून बोलून राह्यलो," तो म्हणाला. "सागाचा खांब पायजे. माणसाएवढा उंच. वर वाघ."

"बरं."

"वाघाखाली माणूस. हातात जाळं."

तिकडचा बाजाराचा गलका एकदम बंद झाल्यासारखा वाटला.

"खालीच पायजे माणूस?" पोचूने विचारलं.

"मंग का वाघावर बसवता? वाघ वर, माणूस खाली! अन् त्याच्याखाली नाव. सुरेंद्र दादाजी भानारकर."

"दादाजीचा पोट्टा?"

"थोच, थोच!"

"साल कोणतं जी?"

"हेच. चालू."

पोचू फार हळू आवाजात म्हणाला, "लेकरं आहेत?"

"दोन पोरी. काऊन?"

"काही नाई जी. करून देतो. या कामाचे पैसे आमी घेत नाई. एक कोंबडा अन् पायलीभर तांदूळ ठेवा."

सुरेंद्रने फोन ठेवला आणि चक्क टाळी वाजवली. रंजीताच्या कपाळाला मात्र आठी पडली. "फुकट काऊन करून राह्यला म्हणे?"

"वट आहे आपली, वट!" सुरेंद्र म्हणाला.

खांब आला त्या दुपारी सुरेंद्र नेमका कचेरीत गेला होता. पोचूने पांढऱ्या कापडात गुंडाळलेला खांब टेम्पोतून उतरवला, दारापुढे उभा केला, बुडाशी दगड रचले आणि सागाला तेल-गेरू चोळला. सगळं काम तोंडातून चकार शब्द न काढता. जाताना तो रंजीताच्या कपाळावरच्या कुंकवाकडे आणि हातातल्या बांगड्यांकडे खूप वेळ पाहत उभा राहिला. तिने पाणी दिलं, ते घेतलं नाही. कोंबडा काखेत मारला आणि मागे वळून न पाहता निघून गेला.

सुरेंद्र आला आणि त्याने खांबाभोवती दोन फेऱ्या मारल्या. काम सुंदर होतं हो, त्यात वाद नाही! वाघ जिवंत होता. त्याचा एक पंजा खालच्या माणसाच्या खांद्यावर अलगद टेकलेला. माणसाने हातात जाळं धरलेलं आणि डोळे मिटलेले. टक्कलसुद्धा बरोबर जमलं होतं, आणि पोचूने तर सुरेंद्रला कधी पाहिलंही नव्हतं. वाघाचे डोळे नुसते लाकडाचे, नियमाप्रमाणे न पेटणारे. पण दुकानात कुठेही बसा, ते तुमच्याकडेच वळलेले!

मॅडम तर खूश! "इतका नियमात बसणारा फलक मी आजवर पाहिला नाही!" असं म्हणून त्यांनी फोटो काढला आणि परकोटालगतच्या सगळ्या दुकानदारांना पाठवला. दुकानदारांनी पुढे पाठवला. फोटो मोबाइलवरून मोबाइलवर, शहराबाहेर, नदी ओलांडून, तलावाकाठच्या गावागावांत पोचला. वाटेत मॅडमचं कौतुक गळून पडलं आणि फोटोखाली जोडलेल्या हातांचं चित्र तेवढं उरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेंद्रने दुकान उघडलं, तर खांबाच्या बुडाशी एक नवा दगड. नदीतला, गुळगुळीत, अजून ओला. शेजारी पानाच्या द्रोणात मूठभर भात.

"कोण टाकून गेलं हे?" त्याने विचारलं. पानटपरीवाल्याने नुसते खांदे उडवले.

तिसऱ्या दिवशी सात दगड. चौथ्या दिवशी मोजणं जमेना. गिऱ्हाईक मात्र एक नाही! मे महिना, डोक्यावर सत्तेचाळीस डिग्री, अकरा वाजता रस्ता असा ओस पडे, की वाघाच्या अंगावरून माशी उडाली तरी ऐकू यावी. सुरेंद्र आपला गादीवर बसून वाट पाही. मधूनच दरवाज्याकडून ती गार हवा येई, माळ्यावरची जाळी हलत, आणि कुणीतरी वर हळूहळू फिरतंय असं वाटे.

पाचव्या दिवशी सोमारीबाई आली. सिंदेवाहीकडची म्हातारी, दादाजीच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. दरसाल ही रस्त्यातूनच "काय बे पोट्ट्या!" म्हणून ओरडत यायची. आज रस्त्यापलीकडेच थांबली.

"या ना बाई! उन्हात काऊन उभ्या?" सुरेंद्रने हाक मारली.

सोमारीबाईने चपला काढल्या. तापलेल्या डांबरावरून अनवाणी आली, कनवटीचा दगड काढून खांबापाशी ठेवला, वाकली. मग हळूच मान वर करून तिने सुरेंद्रच्या पायांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आधी टाचा, मग बोटं.

"काय झालं बाई? पायाले का लागलं माझ्या?"

म्हातारी त्याच्या तोंडाकडे पाहीना. तिची नजर त्याच्या छातीवर आली आणि तिथून आरपार मागच्या भिंतीवर गेली. ओठ पुटपुटले. मग ती उलट्या पावलांनी, पाठ न दाखवता, रस्ता ओलांडून गेली.

दुपारी जंगू आला. हा जंगू म्हणजे एकदा बोलायला लागला की बस चुकवणारा माणूस! तो आज मुका. सुरेंद्रने नवं जाळं त्याच्यापुढे धरलं, तर त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. दगड ठेवला आणि तोही उलट्या पावलांनी गेला.

पायरीखाली झोपणारं कुत्रं पलीकडच्या बाजूला जाऊन झोपायला लागलं होतं. चहावाल्याने एकच कप आणला आणि रंजीतापुढे ठेवला. "दूध सरलं जी," म्हणाला खरा, पण पाहिलं भलतीकडेच! सुरेंद्रने लपूनछपून मनगटाची नाडी धरून पाहिली. लागली. मग लागेना. मग दोन-दोन लागायला लागल्या!

"रंजीता," तो म्हणाला, "मी कसा दिसून राह्यलो?"

"जसे दिसता तसेच," ती भाजी निवडता निवडता म्हणाली. "काऊन, आज का वेगळं दिसायचं होतं?"

सातव्या दिवशी सोमारीबाई पुन्हा आली. बारा वाजून गेले होते. ती पलीकडे, बंद दुकानाच्या छपराखाली उभी राहून नुसती पाहत होती. सुरेंद्रचा संयम सुटला. अठरा दिवसांवर मृग, माळा भरलेला, आणि गिऱ्हाईक दारात येऊन भुतासारखं पाहत राहतं म्हणजे काय! तो तडक उठला, पायऱ्या उतरून भर रस्त्यात जाऊन उभा राहिला.

"बाई! तुमाले माझा राग आला असंन तर तोंडावर सांगा! पण असं पाहू नका!"

सोमारीबाईने हात वर केला आणि त्याच्या पायाखालच्या जमिनीकडे बोट केलं.

सुरेंद्रने खाली पाहिलं.

सावली नव्हती.

डोक्यावर सूर्य, अंगावर लख्ख ऊन, आणि खाली नुसतं डांबर. त्याने उजवा पाय उचलला, डावा उचलला. इकडे वाकला, तिकडे वाकला. नाहीच! त्याने खांबाकडे पाहिलं. खांबालाही सावली नव्हती. भर उन्हात दोघंच उभे, तो आणि वाघ, आणि दोघांचीही जमिनीवर काही निशाणी नाही. पाठीमागून ती गार हवा आली आणि थेट त्याच्या कानात शिरली.

सोमारीबाई किंचाळली. सुरेंद्र तिच्यापेक्षा मोठ्याने किंचाळला. म्हातारी बसस्टँडच्या दिशेने पळाली आणि हा दुकानात घुसून जाळ्यांच्या ढिगात तोंड खुपसून बसला.

"रंजीता! खरं सांग! मी आहो का?"

"आता सकाळी सहा पोळ्या कोणं खाल्ल्या मंग?" रंजीता म्हणाली. पण त्याचा चेहरा पाहून तीही उठली.

तेवढ्यात बाहेरून हंबरडा आला. "दादा रे! माझ्या दादा!" अहेरीच्या बसमधून उतरलेली मैना ऊर बडवत दारात आली. खांबाला मिठी मारून रडली, आत येऊन रंजीताच्या गळ्यात पडून रडली. "वहिनी, मले कळवलं बी नाई व! मोबाइलवर फोटो पाहून समजलं मले!"

"मैने," ढिगातून सुरेंद्र म्हणाला.

मैनाने वळून पाहिलं आणि सरळ आडवी झाली.

तिच्या तोंडावर पाण्याचा अख्खा तांब्या रिकामा केला तेव्हा ती उठली. भावाला तीन वेळा चिमटा काढला, तिन्ही वेळा तो ओरडला, तेव्हा कुठे तिची खात्री पटली. मग मात्र तिने त्याला असा फैलावर घेतला की विचारू नका!

"अक्कल गहाण ठेवली का रे तू? मी नंबर बोर्डासाठी देला होता! रानात वाघानं माणूस खाल्ला, का त्या जागी असा खांब गाडते लोक! वर वाघ, खाली थो माणूस, त्याचं नाव अन् गेल्याचं साल! येणारा-जाणारा एक-एक दगड टाकते. वाघोबा झाला हा! अन् वाघानं नेलेला माणूस जागा सोडत नाई म्हणते, तिथीच बसून राह्यते. त्याच्याशी बोलायचं नाई, त्याच्या हातचं काही घ्यायचं नाई. सगळ्या गावात झालं, दादाजीचा पोट्टा वाघानं नेला!"

सुरेंद्र चंद्रपुरात जन्मला, चंद्रपुरात वाढला. वाघ म्हणजे त्याला फक्त छाप माहीत!

"पण सावली?" तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "माझी सावली कुठी गेली?"

"मी उन्हात असती तर माझी बी नसती पडली," रंजीता म्हणाली. "आज सूर्य बरोबर डोक्यावर येते म्हणे, दोन मिनिटं कोणाचीच सावली पडत नाई. पेपरात होतं. तुमी पेपरात फक्त आपला फोटो पाह्यता!"

सुरेंद्रला एवढं हलकं वाटलं, की त्याने उठून पायरीवर जाऊन सावली पाहिली. आली होती बिचारी, पायापाशी टीचभर! त्याने ताबडतोब मॅडमना फोन लावला. "मॅडम, खांब काढून टाकतो आजच्या आज!"

"अहो, मंजूर झालेला फलक असा काढता येत नाही," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. "नवा अर्ज करा. तीन महिन्यांत होईल."

"काढतोच मी! होईल ते होईल!" असं म्हणून तो पहार घेऊन बाहेर आला आणि जागच्या जागी थिजला. रस्ता माणसांनी भरला होता. चाळीस-पन्नास माणसं, बाया, सगळी अनवाणी, प्रत्येकाच्या हातात दगड. पुढे सोमारीबाई. बसस्टँडवर तिने काय सांगितलं असेल ते तुम्हीच समजा!

सुरेंद्रने पहार टाकली आणि दोन्ही हात वर केले. "अरे, मी जिता आहो! मले काही झालं नाई!"

कुणी पळालं नाही. सगळ्यांनी हात जोडले.

"हव ना बापा," सोमारीबाई म्हणाली. तिने सात दिवसांत पहिल्यांदाच त्याच्याशी बोलायचं धाडस केलं होतं, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "वाघाचे माणसं असंच म्हणते. आमच्यासाठी तू जिताच आहेस."

मग ती रंजीताकडे वळून सांगायला लागली. तिचा लेक मिथुन, एकुलता एक. परवा सकाळी तलावाच्या पाळीवर त्याच्यासमोर वाघ आला, दहा हातांवर. मिथुनच्या खांद्यावर याच दुकानातलं जाळं. पळायला पाय उचलेना, तेव्हा त्याला मोबाइलवरचा खांब आठवला आणि तो ओरडला, "सुरेंद्र दादाजी भानारकर!" वाघाने ऐकलं, मान वळवली आणि झुडपात निघून गेला.

"मागच्या साली आमच्या गावचे दोघं गेले, बाई," सोमारीबाई म्हणाली. "पोटासाठी पाण्यात तर जावंच लागते. आता कोणी त्याचं नाव घेतल्याशिवाय तलावावर उतरत नाई. आमाले इथलेच जाळे पायजेत. खांबाले लावून द्या."

'बाई, मी काही वाघ हाकलला नाही, त्या वेळी मी घरात झोपलो होतो,' हे शब्द सुरेंद्रच्या अगदी ओठावर आले होते. पण म्हातारीचा चेहरा पाहून ते काही बाहेर पडेनात.

रंजीताने माणसांकडे पाहिलं. मग माळ्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"तुमी जरा आत बसा," ती हळूच म्हणाली.

"अवं, पण..."

"तुमच्या हातचं कोणी घेत नाई. आत बसा."

सुरेंद्र आत गेला. मधला पडदा ओढला गेला. तो माळ्यावरून जाळी काढून पडद्याखालून सरकवत राहिला, मैना ती खांबाला लावत राहिली, रंजीता विकत राहिली. बाहेर दगडावर दगड पडल्याचा आवाज आणि शंभरदा त्याचं पूर्ण नाव, हळू, घाबरत, हात जोडून घेतलेलं. ऐकता ऐकता त्याच्या अंगावर काटा येई. आनंदाचा की भीतीचा, हे त्याला सांगता येईना. ऊन उतरेस्तोवर माळा रिकामा झाला. घुग्घुसचं संकट टळलं!

शेवटी सोमारीबाई तेवढी राहिली. तिची बस सुटायला वेळ होता. पाठीवर जाळं टाकून ती पायरीवर टेकली.

"बाई," तिने रंजीताला विचारलं, "आमी त्याले दुकानापुरतंच पाह्यलं. घरात कसा होता व माणूस?"

पडद्यामागे सुरेंद्रने श्वास रोखला. वीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न रंजीताला कुणी विचारला नव्हता, आणि त्याची स्वतःची तर विचारायची छाती झाली नव्हती. रंजीताने पदराने कपाळ पुसलं. बराच विचार केला.

"चांगला होता," ती म्हणाली.

सुरेंद्रची छाती फुगली.

"फक्त जिता होता तवा कोणाचं ऐकत नोता. आता सुधरला. आत बस म्हणलं का बसते."

'अवं!' म्हणायला सुरेंद्रने तोंड उघडलं, आणि, काय करता, मिटून घेतलं.